नाव हीही मालमत्ता

शेत, घर व दुकान ही मालमत्ता होय, हे कोणास सांगावे लागत नाही. तीस कुंपण घालता येते, सरकारदप्तरी तिची नोंद होते. परंतु मनुष्याच्या बुद्धीतून निपजलेल्या वस्तूंसही कायद्याने मालमत्ता मानिले आहे. तीस बौद्धिक संपदा म्हणतात. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरी लहानमोठे उद्योग चालतात. म्हणून या विषयाची तोंडओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

समजा, एका कुटुंबाने आपल्या कुळागरातील पिकल्या भिरंडांचे आगळ बाटल्यांत भरून विकावयास आरंभ केला. त्या एका बाटलीत किती प्रकारची संपदा आहे, ते पाहू.

प्रथम नाव. गिऱ्हाईक ज्या नावावरून वा खुणेवरून माल ओळखते, ते व्यापारचिन्ह अथवा ट्रेडमार्क होय. वर्षानुवर्षे चोख माल दिल्यावर लोक तो नावाने मागू लागतात. अशा वेळी दुसऱ्याने तेच नाव आपल्या हलक्या मालावर लाविले, तर गिऱ्हाईक दोष कोणास देईल? यासाठी 1999 च्या कायद्यान्वये नावाची नोंदणी करता येते. ती 10 वर्षे टिकते व पुनःपुन्हा वाढविता येते. मात्र ‘शुद्ध आगळ’ अशा वर्णनपर शब्दांवर सहसा एकाचा हक्क मान्य होत नाही. ते शब्द सर्व व्यापाऱ्यांचे आहेत. नाव आपले, वेगळे व आधी कोणी न घेतलेले असावे. अर्ज स्वीकारला गेल्यावर तो सरकारी पत्रिकेत प्रसिद्ध होतो व हरकत घेण्यास 4 महिन्यांची मुदत असते. नोंदणी नसली तरी आधीपासून नाव वापरणारास कायदा वाऱ्यावर सोडीत नाही. पण तो वापर सिद्ध करावा लागतो. म्हणून जुनी बिले व जाहिराती जपून ठेवाव्यात.

बाटलीवरील चित्र हे स्वामित्वाधिकाराचे क्षेत्र होय. हा हक्क निर्मितीबरोबरच उपजतो व चित्रकाराच्या निधनानंतर 60 वर्षे राहतो. चित्र दुसऱ्याकडून काढविले असल्यास ते कोणाच्या मालकीचे, हे आधीच लिहून घ्यावे. बाटलीचा घाट नवा असेल, तर त्याची नोंदणी 10 व पुढे आणखी 5 वर्षे मिळते. फळे पिळण्याचे नवे यंत्र शोधिले असेल, तर अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षांचे एकस्व मिळू शकते. परंतु अर्जापूर्वीच ते चारचौघांत दाखविल्यास त्याचे नावीन्य सरते. आगळातील मिठाचे प्रमाण मात्र गुपित ठेवणे हेच उत्तम. कामगारास ते सांगावयाचे तर लेखी करार करावा.

नाव जसे एका घराचे, तसे ते प्रदेशाचेही असते. गोव्याच्या काजू फेणीस 2009 साली व मानकुराद आंब्यास 2023 साली भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापुरी चपलेस ते 2019 साली मिळाले; त्यात महाराष्ट्राचे चार व बेळगावसह कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत. कारागिरी राज्याची सीमा जाणत नाही, हे येथे कायद्यानेही मानिले. असे नाव त्या प्रदेशातील उत्पादकांचे सामाईक धन असते. ते कोणास विकता वा गहाण टाकता येत नाही.

आता कागदाचे महत्त्व पाहा. हळदीने जखम भरते, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. तरीही 1995 साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यक केंद्रास त्याच गुणावर एकस्व देण्यात आले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास हरकत घेतली. गोव्यातील माशेल गावी जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर त्या वेळी परिषदेचे महासंचालक होते. जुने ग्रंथ व 1953 सालचा एक वैद्यकीय निबंध पुरावा म्हणून पुढे ठेविला गेला आणि 1997 साली ते एकस्व रद्द झाले. आजीचे ज्ञान खरेच होते. पण तेथे ते लिखित पुराव्याने सिद्ध करावे लागले.

विद्यार्थिमित्रांनो, घरच्या उद्योगात तुम्ही आजच हातभार लावू शकता. मालाचे नाव प्रथम कधी वापरिले, चित्र कोणी काढिले, पहिली विक्री कोणत्या तारखेस झाली, हे एका वहीत टिपून ठेवा व बिले तिला जोडा. श्रमाने मिळविलेल्या नावाची राखण त्या वहीपासून सुरू होते.