आयर्लंडची राष्ट्रीय नाट्यचळवळ

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी नाटक बसविताना शिक्षकांपुढे नेहमीचीच अडचण उभी राहते. रंगमंच नसतो, पैसा नसतो, आणि हौशी मंडळींना दिवसभराच्या कामातून सवड नसते. अशाच परिस्थितीतून एका पराधीन देशाचे राष्ट्रीय नाट्यगृह कसे उभे राहिले, हे इतिहासाच्या पाठास पूरक म्हणून जाणून घेण्यासारखे आहे.

१८९७ साली कवी यीट्स, लेडी ग्रेगरी व एडवर्ड मार्टिन यांनी आयरिश नाटकांसाठी स्वतंत्र रंगभूमी स्थापण्याचा बेत केला. त्या काळी रंगमंचावर आयरिश मनुष्य यावयाचा तो बहुधा बडबड्या, दारुडा विदूषक म्हणून. हे चित्र पुसून टाकावे, हा त्यांचा एक हेतू होता. १८९९ मध्ये प्रयोग सुरू झाले. परंतु नट इंग्लंडहून आणावे लागत. ही उणीव फे बंधूंनी भरून काढली. विल्यम फे विजेची कामे करी, फ्रँक कारकून होता. त्यांच्या मेळाव्यातील मंडळी दिवसा नोकरी करून सायंकाळी तालमीस जमत. अनावश्यक हालचाल टाळावयाची आणि शब्द स्पष्ट उच्चारावयाचा, ही त्यांची शिस्त होती.

१९०२ मध्ये त्यांनी ‘कॅथलीन नी हूलिहान’ रंगविले. लग्नघरी एक वृद्धा येते, आपली चार हिरवी शेते परक्यांनी बळकाविली असे सांगते, आणि नवरदेव लग्न सोडून तिच्यासाठी लढावयास निघतो. ती वृद्धा म्हणजे आयर्लंड, हे प्रेक्षकांना सांगावे लागले नाही. हे नाटक पुष्कळ वर्षे एकट्या यीट्सच्या नावावर राहिले. त्याचा बराच भाग लेडी ग्रेगरींनी लिहिला होता, हे आता मान्य झाले आहे.

अ‍ॅनी हॉर्निमन या धनिक इंग्रज बाईंनी खर्च सोसला आणि २७ डिसेंबर १९०४ रोजी डब्लिनमध्ये ‘अ‍ॅबी थिएटर’ उघडले. खरी कसोटी पुढेच होती. जानेवारी १९०७ मध्ये सिंग यांचे ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ आले. बापाचा खून केला म्हणून फुशारकी मारणाऱ्या तरुणास खेडूत डोक्यावर घेतात, आणि तो बाप जिवंतच परत येतो, असे हे कथानक. आमच्या खेड्यांची बदनामी झाली, म्हणून प्रेक्षकांनी दंगल केली. विदूषक गेला, त्याच्या जागी लोकांना साधुपुरुष हवा होता. सिंग यांनी साधा माणूस उभा केला. पोलिसांस बोलाविणे आम्हांस रुचत नाही. तथापि आठवडाभर गोंगाटातही प्रयोग चालू ठेवले, हे योग्यच झाले.

१९१६ च्या उठावात या नाट्यगृहाचा नट शॉन कॉनली धारातीर्थी पडला. १९२५ मध्ये नव्या आयरिश शासनाने संस्थेस ८५० पौंडांचे वार्षिक अनुदान दिले. पुढच्याच वर्षी, एके काळी मजुरी केलेल्या शॉन ओकेसी यांच्या नाटकात त्याच उठावाचे दुसरे अंग दिसले: गरिबांची वस्ती, लुटालूट आणि दारूच्या गुत्त्यात आलेला राष्ट्रध्वज. पुन्हा दंगल उसळली. यीट्स रंगमंचावर आले व प्रेक्षकांस खडसावून गेले.

भारताशीही या संस्थेचा एक धागा जुळलेला आहे. रवींद्रनाथांच्या ‘डाकघर’चा इंग्रजी प्रयोग १९१३ मध्ये, त्यांना नोबेल पारितोषिक मिळण्यापूर्वी, येथेच झाला. मूळ इमारत १९५१ च्या आगीत गेली. १९६६ साली त्याच जागी नवी उभी राहिली.