लाकडावरील कोरीव काम

केडगावाहून पुण्यास जाणाऱ्या आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी विश्रामबाग वाड्यावरून ये-जा केली असेल. परंतु क्षणभर थांबून, मान वर करून त्याच्या दर्शनी भागाकडे किती जणांनी पाहिले असेल, याची आम्हांस शंकाच आहे. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ साली हा वाडा बांधविला. रस्त्याकडील सज्जास लाकडाचे खांब आहेत, त्यांचा घाट सुरूच्या झाडाचा असून त्यांवर केळफुलाची नक्षी आहे. वाड्यास नाव धन्याचे लागले. ज्यांच्या पटाशीखाली ती केळफुले उमलली, त्यांचे नाव कोणी घेत नाही. त्या सुतारांना मजुरी मिळाली असेल, आणि मजुरी मिळणे योग्यच होय. परंतु ज्याचे पोट या कामावर अवलंबून नाही अशा मनुष्याने, विशेषतः विद्यार्थ्याने, फावल्या वेळी लाकूड कोरले तर त्याच्या पदरी काय पडते, एवढाच प्रश्न आज आम्ही घेतला आहे.

हातांच्या कामाचे महत्त्व केडगावकरांस आम्ही सांगावे असे नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनाथ मुली व विधवा येथे आणल्या, तेव्हा त्यांस लिहिणे-वाचणे शिकविण्याबरोबरच विणकाम, शेतकाम, छपाईचे काम हेही शिकविले. तेथे कला हे भाकरीचे साधन होते. स्वीडन देशात नेस येथे ऑटो सालोमन या शिक्षकाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शाळेतील मुलांसाठी लाकूडकामाचा जो क्रम बसविला, त्याचा हेतू याहून निराळा होता. ‘स्लॉइड’ या नावाने तो अनेक देशांत गेला. मुलांनी सुतार व्हावे अशी त्याची अपेक्षा नव्हती. हात, डोळा आणि मन यांस एकत्र काम करण्याची सवय लागावी, एवढेच त्यास हवे होते. आणि पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांस निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायातील बसालेल आठवेल. देवाच्या आत्म्याने तो ज्या कामांसाठी भरला गेला, त्यांत लाकूड कोरण्याचे काम स्पष्ट नमूद आहे. ज्या घरांत हातकाम म्हणजे न शिकलेल्यांचे काम अशी समजूत आहे, त्यांनी तो अध्याय एकदा उघडून पाहावा.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. प्रथम कागदावर आकृती काढून ती फळीवर उतरवावयाची. मग रेषेवर पटाशी उभी धरून मोगरीने हलकेच ठोकीत जावयाचे, आणि नंतर आकृतीच्या भोवतालची भूमी थोडी थोडी खाली उतरवावयाची. फूल वर येते असे आपणांस वाटते, वस्तुतः भोवतालची जमीन खाली गेलेली असते. खरी अडचण लाकडाच्या रेषांची. रेषांच्या बाजूने हत्यार चालले तर ढलपी लोण्यासारखी निघते; रेषांच्या विरुद्ध गेले की लाकूड उखळते. साधे वर्तुळ कोरावयाचे म्हटले तरी हत्याराची दिशा चार ठिकाणी बदलावी लागते. हे पुस्तकात वाचून कळते, परंतु वळत नाही. लाकूड आपल्या मनाप्रमाणे वाढलेले नसते. ते ऊन, पाणी आणि वारा यांच्या मनाप्रमाणे वाढलेले असते, आणि कोरणाऱ्यास त्याचे ऐकावेच लागते. वर्गात वीस वर्षे इतरांस ऐकावयास लावणाऱ्या आम्हांस हे शिकण्यास बराच काळ लागला.

आमच्या वडिलांच्या निधनानंतरच्या वर्षी त्यांचे पवित्र शास्त्र ठेवण्यासाठी एक लहान घडवंची करावी असे आमच्या मनात आले. त्या दिवसांत वाचन होत नसे, प्रार्थनेसही शब्द सुचत नसत. मात्र शिवणीची फळी समोर घेतली की तास दीड तास मन एका जागी राही. दुःख कमी होई असे नव्हे. ते शेजारी बसून राही आणि हात चालत. फळीवर आठ पाकळ्यांचे कमळ काढले होते. सहा पाकळ्या साधल्या. सातवीत घाई झाली, पटाशी रेषांच्या विरुद्ध गेली, आणि पाकळीचे टोक उडाले. मोबाइलवर केलेली चूक बोटाने पुसता येते. उडालेली ढलपी परत बसत नाही. आम्ही ती डिंकाने चिकटवून पाहिली, तो प्रकार फारच केविलवाणा दिसला. अखेर फळी घेऊन गावातील एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी ती उजेडाकडे तिरपी धरली, अंगठा फिरविला आणि म्हणाले, “मास्तर, ही एक पाकळी वर आणता यायची नाही. बाकीच्या सात एक सूत खाली घ्या.”

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेवढे उतरविण्यास आम्हांस पुढे तीन आठवडे लागले. कमळ ठरविल्यापेक्षा बसके झाले, परंतु आता कोणती पाकळी मोडली होती हे आम्हांस स्वतःस बोट ठेवून सांगता येत नाही. शुद्धलेखनाच्या वह्यांवर तांबड्या शाईने रेघा ओढताना तेव्हापासून आमचा हात थोडा सावकाश चालतो.

पालकांची शंका आम्ही जाणतो : परीक्षा तोंडावर असता मुलाने लाकूड कोरीत बसावे काय? आमचे म्हणणे इतकेच की, आठवड्यातील दोन संध्याकाळी पुरेत, आणि परीक्षेच्या महिन्यात हत्यारे तेल लावून ठेवून द्यावीत. मात्र या छंदाच्या स्पर्धा लावू नयेत आणि पाहुण्यांसमोर प्रदर्शनही मांडू नये. बक्षीस आले की मूल सोपी आकृती निवडू लागते, असा आमचा अनुभव आहे.

चांगले काम पाहिल्याखेरीज हात सुधारत नाही. पुण्यास कविवर्य अज्ञातवासी, अर्थात दिनकर केळकर यांनी आयुष्यभर हिंडून जमविलेल्या वस्तू त्यांच्या अकाली निवर्तलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालयात मांडल्या आहेत. १९७५ साली त्यांनी तो संग्रह महाराष्ट्र शासनास दिला. त्यांत जुन्या घरांची कोरीव दारे आहेत. तेथे जाताना वही-पेन्सिल न्यावी आणि एकाच दाराची एकच वेल नीट उतरवून घ्यावी; सारे संग्रहालय एका दिवसात पाहण्याच्या भरीस पडू नये.

आरंभास बाभूळ घेऊ नये. गाडीस आणि औतास ती उत्तम, परंतु नवशिक्याचा हात तीवर ठरत नाही. सुताराकडून मुरलेल्या शिवणीचा वीतभर तुकडा, गाठ नसलेला, मागून आणावा. तो शिकंजात घट्ट आवळावा, आणि दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे ठेवावेत. बोथट हत्यार अधिक घातक, कारण त्यास जोर द्यावा लागतो आणि जोराने ते घसरते. म्हणून पहिले आठ-पंधरा दिवस लाकडास हात न लावता दगडावर नुसती धार लावण्यास शिकावे.