वाचनालयातली बिनतारी पेटी

साबणाच्या वडीएवढी एक पांढरी पेटी आहे. वजनाला अगदी हलकी. तिला दोन भोके आहेत. एका भोकात विजेची तार जाते, दुसऱ्यात इंटरनेटची. वर एक बारीक दिवा लुकलुकतो. एवढेच तिचे रूप. पण पेटी सुरू झाली की वाचनालयात बसलेल्या दहाबारा माणसांच्या फोनला, तार न जोडता, इंटरनेट मिळते. यालाच लोक वायफाय म्हणतात.

ही पेटी कशी बसवायची ते या पाठात पाहू. "हे काम शिकलेल्या पोरांचं. आमचं नव्हं," असे कुणी म्हणेल. आम्हीही तसेच समजत होतो. त्याचे काय झाले ते आधी सांगतो.

आमचा एक साक्षरतेचा वर्ग गावच्या वाचनालयात भरतो. तिथे गावातल्याच एका हुशार मुलाने पेटी बसवून दिली. पुढे तो पुण्याला कामाला गेला. एके दिवशी एका लहानग्याने खेळता खेळता पेटीच्या पाठीवरच्या भोकात टाचणी घातली. झाले! पेटी सगळे विसरली. फोनवर नेहमीचे नाव दिसेना, भलतेच नाव दिसू लागले. पासवर्ड चालेना. पुण्याच्या मुलाला फोन लावला, तर तो पाळीवर. फोन बंद.

नेमका तो शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. आमच्या वर्गातल्या एका आक्कांची मुलगी दुपारच्या एस.टी.ने तालुक्याला गेली. तिथे दुकानात रांग. अर्ज भरून झाला, पण परतीची गाडी चुकली. पोर घरी आली तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. आक्का तोवर फाट्यावर उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आक्का वर्गात आल्या आणि आम्हांलाच म्हणाल्या, "गुरुजी, पेटी आमची, अन् किल्ली पुण्याला! असं कसं चालंल?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. मग सर्वांनी मिळून पेटी खाली काढली आणि उलटी केली. पाठीवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर पेटीचे मूळ नाव, मूळ पासवर्ड आणि पत्ता छापलेला होता. उत्तर तिथेच होते. आम्ही कुणी पेटी उलटून पाहिलीच नव्हती! शिकवणाऱ्यांनी तरी पाहायला हवी होती.

त्या दिवशी पेटी पुन्हा बसवली ती वर्गातल्या मंडळींनीच. कशी ते आता सांगतो.

आधी हे समजून घेऊ की पेटी इंटरनेट तयार करत नाही. नळाच्या तोटीत पाणी तयार होत नाही, तसेच हे. पाणी टाकीतून येते. आमच्या गावी टाकी म्हणजे ग्रामपंचायतीची कचेरी. भारतनेट या सरकारी योजनेतून पुष्कळ ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार गेली आहे. केसाएवढ्या बारीक काचेतून उजेड धावतो आणि त्या उजेडावर मजकूर वाहून येतो. कचेरीत एक मोठी पेटी आहे. तिथून एक साधी तांब्याची तार आमच्या वाचनालयात आणली आहे. ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घेऊनच हे केले. आपणही तसेच करावे. तोंडी परवानगी सरपंच बदलला की विसरली जाते.

ही तांब्याची तार वरून एक दिसते, पण आत आठ बारीक तारा असतात. दोन दोन तारांना पीळ दिलेला असतो. अशा चार जोड्या. तारेच्या टोकाला काचेसारखे पारदर्शक टोपण बसवतात. त्यात तारांचा क्रम ठरलेला असतो: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना क्रम सारखाच हवा. हिरव्या जोडीच्या मधे निळी जोडी का घुसवली आहे, असे आमच्या तात्यांनी विचारले. जुन्या टेलिफोनच्या जोडणीपासून चालत आलेली ती पद्धत आहे. आपण ती मोडायची नाही, एवढे खरे.

ही तार एकूण 100 मीटरपर्यंत न्यावी. त्यापुढे भरवसा नाही. आमची चाळीस मीटरची आहे. ती विजेच्या खांबाला बांधू नये, विजेच्या वायरीला लगटून नेऊ नये.

आता बिनतारी लहरींकडे येऊ. पेटीतून लहरी निघतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, कानांना ऐकू येत नाहीत. रेडिओच्या लहरी आणि या लहरी एकाच घराण्यातल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात बिनतारी लहरी भिंतीपलीकडे पाठवून तिथली घंटा वाजवून दाखवली होती. त्यांच्या लहरीही आखूड होत्या. आपल्या पेटीची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब, म्हणजे अर्ध्या वितीहून किंचित जास्त. एका सेकंदात ती सुमारे 240 कोटी वेळा हेलकावे घेते. आकडा ऐकून मावशींनी डोळे मिटले! काही पेट्यांत याहून आखूड, सहा सेंटिमीटरच्या आसपासची लहरही असते. ती वेगाने मजकूर नेते, पण भिंतीपुढे लवकर थकते. वाचनालयाला पहिली लहर बरी. भारतात 2005 सालापासून त्या लहरीच्या अशा कमी ताकदीच्या पेट्यांना वेगळा परवाना काढावा लागत नाही.

लहर भिंतीतून जाते खरी, पण प्रत्येक भिंत तिची ताकद खाते. कुडाची भिंत थोडी खाते, विटांची जास्त. काळ्या दगडाची दोन हात रुंद भिंत तर जवळजवळ सगळी ताकद गिळते. लोखंड आणि पत्रा लहरीला परतवून लावतात. आमच्याकडे सुरुवातीला कुणी पेटी चोरील या भीतीने ती लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावले होते. पेटी सुखरूप राहिली, पण लहरीही कपाटातच राहिल्या! आता पेटी खोलीच्या मधोमध, डोक्याच्या वर, लाकडी फळीवर ठेवली आहे. वाचनालयाच्या ओट्यापर्यंत पोचते. तेवढे आम्हांला पुरे.

आता खरे काम. आपला फोन पेटीजवळ न्यावा. फोनमधला मोबाइल डेटा आधी बंद करावा, नाहीतर फोन मधेच दुसऱ्या वाटेने पळतो आणि आपण फसतो. वायफायच्या यादीत पेटीचे चिठ्ठीवरचे नाव शोधावे. चिठ्ठीवरचा पासवर्ड घालावा. मग फोनच्या ब्राउझरमध्ये पेटीचा पत्ता लिहावा. पत्ता म्हणजे चार आकडे आणि त्यांच्या मधे टिंबे. आमच्या चिठ्ठीवर 192.168.0.1 असा होता. तुमच्या चिठ्ठीवर असेल तो लिहावा. पेटीचे पान उघडते. हे पान इंटरनेटवरचे नव्हे, पेटीच्या पोटातले. म्हणून त्या वेळी इंटरनेट नसले तरी ते उघडते.

पान पहिल्यांदा विचारते, पेटीने कोणते काम करायचे? इथे बहुतेकजण चुकतात. दोन कामे मुख्य. एकाचे नाव 'राउटर', दुसऱ्याचे 'अ‍ॅक्सेस पॉइंट'. आपल्याला दुसरे हवे.

कारण असे. इंटरनेटवर आलेल्या प्रत्येक फोनला एक क्रमांक द्यावा लागतो, रेशनच्या रांगेत चिठ्ठी देतात तसा. आमच्या कचेरीतली मोठी पेटी हे क्रमांक वाटते. वाचनालयातल्या छोट्या पेटीला 'राउटर' केले तर तीही क्रमांक वाटू लागते. त्यात दोन्ही पेट्यांचा स्वतःचा पत्ता एकच निघाला, तर कोणता मजकूर कुठे द्यायचा हे छोट्या पेटीला उमगत नाही. फोनवर वायफाय जोडलेले दिसते, पण काहीच उघडत नाही. 'अ‍ॅक्सेस पॉइंट' केले की छोटी पेटी क्रमांक वाटत नाही. तारेतून आलेले हवेत सोडते आणि हवेतून आलेले तारेत घालते. आम्ही आधी 'राउटर' ठेवले होते. अर्धा दिवस त्यात गेला.

मग पेटीला नाव द्यावे. नावात कुणाचा फोन नंबर घालू नये.

यानंतर कुलपे. पेटीला दोन कुलपे असतात आणि दोन्हींना पासवर्डच म्हणतात, म्हणून घोटाळा होतो. पहिले कुलूप ओसरीच्या दाराचे. त्याचा पासवर्ड ज्याला इंटरनेट वापरायचे त्याला द्यायचा. दुसरे कुलूप आतल्या फडताळाचे. त्याने पेटीचे पान उघडते. तो पासवर्ड फक्त दोघातिघांकडे असावा. नव्या पेटीला दुसऱ्या कुलपाची किल्ली पुष्कळदा कारखान्यातूनच ठरलेली आणि सगळ्यांना ठाऊक असलेली असते. ती पहिल्याच दिवशी बदलावी. कुलपाचा प्रकार विचारला तर 'डब्ल्यूपीए 3', तो नसेल तर 'डब्ल्यूपीए 2' निवडावा. 'ओपन' म्हणजे दार सताड उघडे. 'डब्ल्यूईपी' हे जुने कुलूप आता काडीनेही उघडते.

"आमच्या वाचनालयात चोरायला हाय काय?" असे तात्या म्हणाले. त्यांना आम्ही एक खरी हकीकत सांगितली. 2008 सालच्या जुलै महिन्यात अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. त्याच्या थोडे आधी धमकीचा एक ईमेल गेला होता. पोलिसांनी माग काढला, तो नवी मुंबईतल्या एका गृहस्थाच्या घरी पोचला. त्यांच्या वायफायला धड कुलूप नव्हते. दुसऱ्याच कुणी ते वापरून ईमेल धाडला होता. गृहस्थांचा गुन्ह्याशी संबंध नव्हता, पण चौकशी त्यांच्या वाट्याला आली. तात्या ऐकून गप्प झाले. मग म्हणाले, "घाला दोन्ही कुलपं."

दाराचा पासवर्ड निदान आठ अक्षरांचा लागतो. पण आठ थोडे. गावाचे नाव, वर्गाचे नाव, 12345678 असले काही घेऊ नये. आम्ही अशी युक्ती केली: एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द घेतले आणि ते इंग्रजी अक्षरांत लागोपाठ लिहिले. विळा, जांभूळ, रेडिओ, पायरी असे काहीतरी. हेच चार घेऊ नका, बरे का. ते आता छापले गेले आहेत. अशा शब्दांचे चित्र मनात राहते, म्हणून ते आठवतात, आणि लांब असल्याने परक्याला सापडत नाहीत. शब्द वर्गातल्या बायकांनी निवडले. हसून हसून पुरेवाट झाली. इथेच एक सांगून ठेवतो. वायफायचा पासवर्ड शेजाऱ्याला दिला तर चालेल, पण फोनवर येणारा बँकेचा ओटीपी कुणालाही द्यायचा नाही. दोन्ही वेगळी.

कचेरीत आणखी एक वायफाय असेल तर दोघांच्या लहरी एकमेकींत घुसतात. यासाठी वाटा असतात, त्यांना चॅनल म्हणतात. 1, 6 आणि 11 या वाटा एकमेकींवर चढत नाहीत. कचेरीची 1 असेल तर आपण 6 घ्यावी.

सगळे भरून 'सेव्ह' दाबले की पेटी बंद होऊन पुन्हा सुरू होते. दोन मिनिटे धीर धरावा. घाईने तार उपसू नये. मग नव्या नावाला नव्या पासवर्डने फोन जोडावा. चुकले तरी घाबरायचे कारण नाही. पेटी चालू ठेवून पाठीवरच्या भोकात टाचणी घालायची आणि दहा सेकंद दाबून धरायची. सगळे पुसले जाते, पेटी कोरी होते, पुन्हा पहिल्यापासून. त्या लहानग्याने हेच केले होते. आता ती टाचणी आमच्या कामाची झाली आहे.

वीज गेली तर? अशी छोटी पेटी फोनच्या चार्जरवर चालते. तिला दोनतीन वॅटच लागतात. 10,000 एमएएचची पॉवर बँक तिला आठ तास सहज पुरते. पण कचेरीतल्या मोठ्या पेटीचीही वीज गेली असेल तर आपल्या पेटीचा दिवा नुसताच जळत राहील. मोठ्या पेटीला बॅटरी आहे की नाही ते आधी विचारून घ्यावे.

वळवाच्या दिवसांत विशेष जपावे. आकाश भरून आले की तारेची दोन्ही टोके काढून ठेवावीत, विजेची तारही काढावी. हे गडगडाट सुरू होण्याआधी करायचे. विजा कडाडू लागल्यावर तारेला हात लावायचा नाही, मग पेटी जळाली तरी जळू द्यावी. आमच्याकडे टोके काढण्याची पाळी ठरवली आहे. ज्याचा वार त्याने आभाळाकडे पाहायचे.

राहिली वही. पेटीच्या चिठ्ठीवरचे सगळे वहीत उतरवले. दोन्ही कुलपांचे पासवर्ड, बसवल्याची तारीख, तारांचा क्रम, कुठली वाट घेतली तेही लिहिले. वही वाचनालयाच्या लोखंडी कपाटात असते, जिथे आधी पेटी होती. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक ग्रंथपालांकडे, दुसरी आक्कांकडे.

वहीत लिहिले ते आक्कांनीच. वरती मथळा घातला, 'पेटीची कील्ली'. मग आपणच थांबल्या, थोडा वेळ पाहिले, दीर्घ काढून ऱ्हस्व केला आणि खाली तारीख घातली.