दिवा देणे आणि दिवा टिकवणे



काही वर्षांपूर्वी आम्ही एका पाड्यावर घरोघरी सौरदिवे वाटले. फोटो काढून देणगीदारांना पाठवले. दोन पावसाळ्यांनंतर मी पुन्हा गेले, तेव्हा निम्म्याहून जास्त दिवे विझलेल्या अवस्थेत खुंटीला टांगलेले होते. बॅटऱ्या संपल्या होत्या. एक आजी म्हणाल्या, "ताई, दिवा तुमचा. म्हणून तुमचीच वाट बघत राहिलो." चूक आजींची नव्हती, आमची होती. दाखल्यातल्या पाच मूर्ख कुमारींप्रमाणे आम्ही दिवे घेतले, पण तेलाची तजवीज केली नाही.

ही तजवीज कशी करावी, हे दोन ठिकाणांहून शिकता येते.

पहिले ठिकाण राजस्थानातील तिलोनिया. बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये तेथे सुरू केलेली संस्था 'बेअरफूट कॉलेज' म्हणून ओळखली जाते. तिची पद्धत अशी: आधी गावाची सभा होते आणि समिती निवडली जाते. रॉकेल, मेणबत्त्या आणि टॉर्चच्या सेलवर घरटी जो खर्च होतो, त्याच्या आसपास मासिक वर्गणी ठरते. मग गाव आपल्यातल्याच एक-दोन स्त्रिया शिकायला पाठवते. पुष्कळदा त्या आजी असतात आणि त्यांना लिहिता-वाचता येत नाही. रंग, खुणा आणि हाताच्या सरावाने त्या सहा महिन्यांत दिवे जोडायला व दुरुस्त करायला शिकतात. आजीच का? तरुण मुलगा प्रमाणपत्र मिळाले की शहर गाठतो. आजी गावातच राहते. वर्गणीतून तिचे मानधन आणि सुटे भाग यांचा खर्च भागतो.

दुसरे आपल्या जवळचे: पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यातली आदिवासी वस्ती दरेवाडी. तेथे २०१२ मध्ये सुमारे ४० घरांसाठी छोटा सौर वीजप्रकल्प उभा राहिला. यंत्रसामग्रीचा खर्च बाहेरून आला. पण घरोघरी मीटर बसले आणि पैसे गोळा करण्याची जबाबदारी ग्रामस्थांच्या न्यासाने घेतली.

आता थोडा हिशेब. समजा, ३००० रुपयांची बॅटरी पाच वर्षांनी बदलायची आहे. म्हणजे घरामागे महिन्याला ५० रुपये बाजूला पडले पाहिजेत. दान देताना हा आकडा आपण विचारतच नाही.

बचतही येथेच येते. ६० वॅटचा जुना बल्ब पाच तासांत ३०० वॅट-तास वीज घेतो. ९ वॅटचा एलईडी ४५. वापर कमी झाला की पॅनल लहान लागते, बॅटरी लहान लागते आणि वर्गणीही कमी होते. गरिबाच्या घरी बचत म्हणजे दिवा चालू राहण्याची हमी.

त्या पाड्यावर आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा दिवे नेले नाहीत. आधी सभा घेतली. वर्गणीवरून दोन तास वाद झाला. पण वाद झाला म्हणजे विषय त्यांचा झाला, असे मला वाटले.

चर्चेसाठी प्रश्न:
१. आपल्या मंडळीने दिलेली कोणती वस्तू आज बंद पडून आहे? ती दुरुस्त कोण करणार होते?
२. पुढच्या दानात शिकवण्यासाठी किती आणि वस्तूसाठी किती रक्कम ठेवावी?
३. आपल्या प्रार्थनामंदिरात कोणती वीज वाया जाते?