आकडी आणि कुंडली

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलीस वारंवार आकडी येते. कुंडलीत शनीची पीडा आहे, शांती करा, असे ज्योतिषी सांगतात. काय करावे? — एक माता, डोळखांब

उत्तर : ताई, आकडी हा मेंदूतील विद्युत्संदेशांच्या क्षणिक गोंधळाचा परिणाम, त्यात शनीचा हात नाही. २००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर व सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या ओळखण्यास २७ ज्योतिष्यांना दिल्या, तेव्हा जेमतेम ४६ टक्के उत्तरे बरोबर निघाली. नाणेफेकीनेही एवढे साधले असते. शांती खुशाल करा, परंतु त्यापायी विलंब न लावता मुलीस डोळखांबच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी घ्या. नियमित औषधाने बहुसंख्य मुलांची आकडी आटोक्यात येते. ते परस्पर बंद मात्र करू नका. झटका आल्यास मुलीस कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, चप्पल तर मुळीच हुंगवू नका, आणि पाच मिनिटांत तो न थांबल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा.