माझी फटक्यांची वही

अर्थशास्त्राच्या वर्गात सरासरीचा पाठ शिकविताना मी विद्यार्थ्यांना एक गोष्ट नेहमी बजावतो : आठवण म्हणजे नोंद नव्हे. परंतु रविवारी सकाळी गोल्फ खेळताना हाच नियम मी स्वतःला कित्येक वर्षे लावला नव्हता. माझे पटिंग, म्हणजे ग्रीनवरून चेंडू होलमध्ये घालण्याचे कसब, कच्चे आहे व त्यामुळेच माझा हँडिकॅप उतरत नाही, अशी माझी ठाम समजूत होती. ती मी कशी पडताळून पाहिली आणि तिचे पुढे काय झाले, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम हँडिकॅप म्हणजे काय ते पाहू. दोन असमान खेळाडूंना बरोबरीने खेळता यावे म्हणून दुबळ्याला काही फटक्यांची सवलत मिळते. त्या सवलतीचा आधार म्हणजे हँडिकॅप. पूर्वी जगात त्याच्या सहा निरनिराळ्या पद्धती होत्या. 2020 सालापासून त्यांच्या जागी एकच जागतिक पद्धती आली. तीत प्रत्येक मैदानाला दोन आकडे असतात. निष्णात, म्हणजे शून्य हँडिकॅपच्या खेळाडूला तेथे साधारण किती फटके लागावेत, ते 'कोर्स रेटिंग' सांगते. सामान्य खेळाडूला तेच मैदान निष्णाताच्या तुलनेने किती अधिक जड जाते, ते 'स्लोप रेटिंग' सांगते. स्लोपचा प्रमाण आकडा 113 आहे.

समजा, मैदानाचे कोर्स रेटिंग 70.4 व स्लोप 126 आहे आणि मी 96 फटक्यांत फेरी पुरी केली. 96 मधून 70.4 वजा केले की 25.6 उरतात. त्यांना 113 ने गुणून 126 ने भागले की 23.0 येतात. हा त्या फेरीचा फरक. अशा शेवटच्या 20 फेऱ्यांपैकी उत्तम 8 फेऱ्यांच्या फरकांची सरासरी म्हणजे हँडिकॅप इंडेक्स. येथे एक मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. उरलेल्या 12 फेऱ्या गणितात येतच नाहीत. म्हणजे हँडिकॅप ही आपल्या नेहमीच्या खेळाची सरासरी नसून आपल्या कुवतीचे माप आहे. म्हणूनच बहुतेक दिवशी आपण आपल्या हँडिकॅपपेक्षा वाईटच खेळतो, आणि त्यात खंत करण्यासारखे काही नाही.

परंतु फटके कोठे वाया जातात, हे हा आकडा सांगत नाही. ते कळावे म्हणून मी खिशात एक लहान वही ठेवू लागलो. प्रत्येक होलसाठी पाच रकाने केले : टीवरचा फटका फेअरवेवर पडला का, पारपेक्षा दोन कमी फटक्यांत चेंडू ग्रीनवर पोचला का, पट किती लागले, पहिला पट किती पावलांवरून होता, आणि दंडाचे फटके किती.

महिनाभरातच एक प्रसंग घडला. माझे कार्ड लिहिणारे वयस्कर गृहस्थ एका होलनंतर म्हणाले, "प्राध्यापक, सात कसे? चेंडू पाण्यात गेला त्याचा दंड कोणी भरायचा?" मी खरोखरच विसरलो होतो. घरी येऊन मागची पाने चाळली, तेव्हा आणखी दोन-तीन ठिकाणी असाच सोयीस्कर विसर पडल्याचे ध्यानात आले. शिवाय हातभर अंतरावरचे कित्येक पट मी न खेळताच 'गेला' म्हणून सोडून दिले होते. आकडे खोटे बोलत नाहीत असे आपण म्हणतो. पण ते लिहिणारा बोलू शकतो. ती पाने मी फाडून टाकली व पुन्हा पहिल्यापासून मोजदाद सुरू केली.

20 फेऱ्यांनंतर बेरीज मांडली. सरासरी फटके 97. पट एकंदर 720, म्हणजे एका होलला बरोबर दोन. हे काही वाईट नव्हते! तीन पट लागले असे होल 62. पण त्यांपैकी 45 ठिकाणी पहिलाच पट दहा पावलांहून लांबचा होता. म्हणजे दोष पटिंगचा थोडा, चेंडू ग्रीनवर आणणाऱ्या आधीच्या फटक्याचा अधिक. आणि दंडाचे फटके? तब्बल 84, त्यांतील 61 टीवरून ड्रायव्हर फिरविल्यामुळे.

लांब फटका केवळ दिमाखाचा, सामना जिंकतो तो पटिंगवर, अशी गोल्फमध्ये जुनी समजूत आहे. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी तिला आकड्यांनी उत्तर दिले. नुसते पट मोजण्यात फसगत कशी होते, ते त्यांच्या पद्धतीवरून कळते. आठ फुटांवरून व्यावसायिक खेळाडूला सरासरी 1.5 पट लागतात. तेथून एकाच पटात चेंडू गेला तर अर्धा फटका कमावला. दोन लागले तर अर्धा गमावला. असा हिशेब प्रत्येक फटक्याचा करता येतो. अमेरिकेच्या पीजीए टूरने 2011 साली पटिंगसाठी ही पद्धत स्वीकारली. खेळाडूंमधील फरकाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग शंभर यार्डांपलीकडील फटक्यांतून येतो, असा ब्रॉडी यांचा निष्कर्ष आहे. माझी वही लहान तोंडाने तेच सांगत होती.

मग अरुंद होलवर मी ड्रायव्हर पिशवीतच ठेवू लागलो. पुढील 20 फेऱ्यांत दंड 84 वरून 46 वर आला आणि सरासरी 97 वरून 94 वर. दंडातील घट फेरीमागे जवळजवळ दोन फटक्यांची. उरलेल्या एका फटक्याचे श्रेय सरावाला, हवेला की निव्वळ योगायोगाला द्यावे, हे वीस फेऱ्यांवरून ठरविता येत नाही, आणि मी ते ठरवीतही नाही.

मात्र एक गोष्ट निश्चित झाली. कित्येक वर्षे मी ज्याला माझा दोष समजत होतो तो माझा मुख्य दोष नव्हता. आणि जो होता, तो मला आवडत होता, म्हणून दिसत नव्हता. लांब फटक्याचा आवाज कानांना गोड लागतो. त्यानंतर झुडपात हरवलेला चेंडू मन विसरून जाते. वही विसरत नाही. मात्र तीत खरे लिहिले पाहिजे. परीक्षेत कमी गुण मिळाले की 'पेपर अवघड होता' म्हणणाऱ्या माझ्या विद्यार्थिमित्रांनीही अशी एखादी वही ठेवून पाहावी. वर्गात त्यांना मी हे आजवर अनेकदा सांगितले. आता थोड्या अधिक अधिकाराने सांगू शकतो.