दिवेलागणीला जाऊन बघ

टिळकवाडी, बेळगाव

चि. बबी हीस मावशीचे अनेक आशीर्वाद.

तू फोनवर आक्कासाठी, तुझ्या आईसाठी, जागेचं नाव मागितलंस आणि मी विषय बदलला, ते तुला आवडलं नसणार. पण केअर होमचं नाव सांगून काही सांगितल्यासारखं होत नाही. ही घरं तिथं राबणाऱ्या बायकांवर चालतात आणि त्या बायका टिकत नाहीत. वर्षापूर्वी ज्या जागेची मी छातीठोक शिफारस केली असती, तिथली सिस्टर आज आखातात नोकरीला गेलेली असते, पाटी मात्र तीच. म्हणून कसं बघायचं तेवढं लिहिते. माझा जन्म वॉर्डात गेला. इमारत बघून मला फारसं कळत नाही, आया बघून बरंच कळतं.

त्याआधी एक काम उरकून घ्या. आक्का गेल्या महिन्याभरात एकदम बिघडली, असं तुझा दादा म्हणतो. डिमेन्शिया सहसा असा उड्या मारत येत नाही. म्हाताऱ्या माणसाला लघवीचा संसर्ग झाला, सोडियम उतरलं, चार दिवस पोट साफ झालं नाही किंवा झोपेची नवी गोळी लागली, की ते दोन दिवसांत भ्रमिष्टासारखं करायला लागतं. घरचे म्हणतात, आता हाताबाहेर गेली. तेव्हा आधी लघवी, रक्त, थायरॉइड, बी-१२ बघून घ्या आणि तिच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढं ओता. निपाणीहून कोल्हापूर जवळ पडतं. इकडं आणायची तर केएलईचं प्रभाकर कोरे हॉस्पिटल आहे, आणि पुढं धारवाडला डिमहान्स ही मानसिक आजारांची संस्था. संसर्ग असला तर तो उतरल्यावर आक्का कशी आहे ते बघा आणि मगच जागा शोधायला निघा.

आणि वहिनीला विचारलंस का? आक्काला न्हाऊ घालणं, रात्री उठून गॅस बंद आहे का बघणं, तोच प्रश्न शंभरदा ऐकणं, हे सगळं ती करते. चर्चा करता तू आणि दादा. दादाला वाटतं, आईला बाहेर ठेवलं तर निपाणीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही. तोंड त्याचं आहे, कंबर मोडते वहिनीची. गोव्यात दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांवर एक अभ्यास झाला होता, २००८ साली प्रसिद्ध झाला. गावातल्याच थोड्या शिकलेल्या माणसांना शिकवून तयार केलं आणि डिमेन्शियाच्या घरांत नेमानं पाठवलं. सांभाळणाऱ्या माणसाच्या मनावरचा ताण त्यानं चांगलाच हलका झाला. दिवसभराची एक शिकवलेली बाई ठेवून वहिनीला दुपारची झोप मिळणार असेल, तर कदाचित आणखी वर्षभर घरीच निभेल. पण ते वहिनीनं म्हणायचं, तू नाही. ती ‘आता होत नाही’ म्हणाली तर तो शब्द शेवटचा मान आणि तिच्यापुढं रडत बसू नको.

आता जागा बघायचं. फोन करून, वेळ ठरवून सकाळी अकराला गेलीस तर तुला चहा मिळेल, ऑफिसातला साईबाबांचा फोटो दिसेल आणि नुकती पुसलेली फरशी दिसेल. तेही एकदा कर. मग परत, न सांगता, दिवेलागणीला जा. या आजाराची माणसं उन्हं कलली की बेचैन होतात. घरी जायचंय म्हणतात, दार हलवतात, पिशवी भरतात. नेमकी त्याच वेळी दिवसपाळी सुटते, रातपाळी यायची असते, स्वयंपाकघरात गडबड असते. त्या तासाभरात घर कसं वागतं तेच त्या घराचं खरं रूप. कुणीतरी म्हातारीचा हात धरून तिला अंगणात दोन फेऱ्या मारवतंय, की टीव्हीचा आवाज वाढवून सगळ्यांना खुर्च्यांत बसवलंय? आणि तुला दारातच अडवून ‘भेटायची वेळ संपली’ म्हणाले तर आणखी काही बघायला थांबू नको.

वासाचं सांगते. डिमेन्शियाच्या घरात लघवीचा वास कधीमधी येणारच, त्यावरून नाक मुरडू नको. चादर कुणी, किती वेळात बदलली ते बघ. उलट सगळीकडं फिनेलचा उग्र दर्प असेल तर मला जास्त शंका येते.

रात्री किती जणं जागी असतात, हे विचार. ‘चोवीस तास स्टाफ’ हे उत्तर घेऊ नको. किती म्हातारी माणसं, रात्री किती आया, त्यांतली झोपते कोण आणि जागी कोण, ड्यूटीचं रजिस्टर दाखवा, असं सरळ म्हण. पडून खुबा मोडतो तो पुष्कळदा रात्री बाथरूमला जाताना. मग एखाद्या आयेला बाजूला गाठून, मॅनेजर नसताना, तिला विचार: बाई, इथं किती दिवस झाले? पगार कितव्या तारखेला होतो? सुट्टी मिळते का? तिथल्या बहुतेक बायका वर्षाच्या आतल्याच असतील, किंवा पगाराच्या प्रश्नावर ती इकडंतिकडं बघायला लागली, तर माहितीपत्रकातलं योगासन आणि संगीतोपचार तू विसरून जा. जिला महिन्याचे पैसे वेळेवर मिळत नाहीत तिनं आक्काला मायेनं भरवावं, ही अपेक्षा मला तरी लाजिरवाणी वाटते.

भरवण्यावरून आठवलं. जेवणाची वेळ बघच. गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला एक वाटी मऊ भात भरवायला अर्धा तास सहज जातो. एक आया चौघींना ओळीनं बसवून भराभरा घास कोंबत असेल तर अन्न श्वासनळीत जातं, मग न्यूमोनिया. दर महिन्याला वजन करतात का आणि ते लिहून ठेवतात का, हेही विचार. तीन महिन्यांचं वजन बघितलं की स्वयंपाकघर बघायची गरज उरत नाही.

दादाचा हट्ट आहे की जागा मराठी माणसाचीच हवी. त्याचं पूर्ण चुकतं असं नाही. नंतर शिकलेली भाषा या आजारात पुष्कळदा आधी विरते. आक्काचं बाजारापुरतं कानडी गेलंच आहे, उद्या तिला कळ लागली तर ती तिच्या निपाणीच्या बोलीतच सांगणार. पण मालक मराठी असून काय उपयोग? आक्काच्या उशाशी मालक बसत नाही. पुण्याच्या चकचकीत जागेत झारखंडहून आलेली पोरगी असू शकते आणि बेळगावात बैलहोंगलची. तिला आक्काचं ‘परसाकडं’, ‘वाकळ’, ‘कालवण’ कळायला हवं. एका कागदावर आक्काचे असे सगळे शब्द लिहून दे; मराठी न येणाऱ्या बाईलाही ते आठवड्यात येतात, शिकायची इच्छा असली तर. तू सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ बघितला असशील. मोहन आगाशे त्यात सगळं विसरलेले संस्कृत पंडित आहेत, हत्तीच्या मागं चालत जातात, आणि त्यांना सांभाळते ती माहुताची कानडी बोलणारी बायको, चन्नम्मा. अमृता सुभाषला त्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमा तो सिनेमा, अशी चन्नम्मा पगारावर मिळेल या भरवशावर राहू नको. पण आपल्या या सीमेवरच्या भांडणात राहून आपल्याला जे दिसत नाही, ते तिथं दिसतं एवढं खरं.

एक परीक्षा मी सांगते ती करून बघ. आक्का अजून अधूनमधून विचारते, ‘रस्ता सुटला का?’ तुला माहीत आहे तो कुठला रस्ता. १९८१ साली तंबाखूच्या दरासाठी शरद जोशींबरोबर शेतकरी पुणे-बंगलोर हमरस्त्यावर बसले होते, एप्रिलमध्ये गोळीबार झाला, माणसं गेली. आक्का तेव्हा तरणीताठी होती, तिच्या डोक्यात तो रस्ता अजून अडलेलाच आहे. जागा दाखवणाऱ्या बाईला हे सांग आणि विचार: माझ्या आईनं असं विचारलं तर तुम्ही काय म्हणाल? ‘आम्ही समजावून सांगू, आजी, ते जुनं झालं’ असं म्हणाली तर ती नवशिकी आहे. समजावणं चालत असतं तर आपण घरीच समजावलं नसतं का? ‘तुमचं कोण होतं तिकडं?’ असं आक्कालाच विचारू, म्हणाली, तर तिथं खुर्ची ओढून बस. चांगल्या जागेत भरती करताना माणसाची सगळी कहाणी लिहून घेतात: गाव, धंदा, कशानं भीती वाटते, कोणतं गाणं आवडतं, सकाळी चहा आधी की आंघोळ. फक्त आधार कार्ड आणि रिपोर्टच मागितले तर समज.

तिच्या हातांचंही लिहून दे. तिनं सासूच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं बिड्या वळल्या, आणि नाव विसरली तरी बोटं ते विसरलेली नाहीत. साडीचा पदर धरून ती अजून पान वळल्यासारखं करते. तिथल्या बाईनं तो चाळा थांबवू नये. वाती वळायला द्याव्यात, शेंगा सोलायला द्याव्यात. हात गुंतले की संध्याकाळ बरी जाते.

आता बांधण्याचं. हे विचारायला तुला संकोच वाटेल, तरी विचार. ओढणीनं खुर्चीला बांधणं, पलंगाला हात बांधणं, हे ‘पडू नये म्हणून’ या नावाखाली होतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार मानसिक आजाराच्या माणसाला साखळीनं बांधायला कसलीच मुभा नाही. त्या कायद्याखालच्या संस्थेत इतर बांधणंही, लगेच इजा होण्याची भीती असेल आणि दुसरा उपाय नसेल तरच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीनं आणि नोंद ठेवूनच. ‘तुमची नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे, कागद दाखवा’ हे त्यासाठीच विचारायचं. साधा वृद्धाश्रम म्हणून नोंद असेल आणि आत बिछान्याला खिळलेली, भ्रमिष्ट माणसं ठेवली असतील, तर कुठले डॉक्टर, किती दिवसांनी येतात, ते खोदून विचार. दोरीशिवायही बांधता येतं, गोळीनं. मी एक जागा बघितली होती, भर सकाळी सगळे खुर्च्यांत माना टाकून झोपलेले, आणि मालक कौतुकानं सांगत होते, आमच्याकडं किती शांतता आहे! वेडाच्या गोळ्यांनी डिमेन्शियाच्या म्हाताऱ्यांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ सालीच दिला आहे. कधी त्या लागतात, नाही असं नाही. पण कुणी लिहिल्या, कशासाठी, आणि कधी बंद करणार, हे तुम्हाला कळायलाच हवं.

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न लोक विचारतच नाहीत: कुठल्या अवस्थेत तुम्ही आक्काला परत घेऊन जा म्हणाल? पुष्कळ ठिकाणी चालती-बोलती म्हातारी चालते. अंथरुणाला खिळली, नाकातून नळी आली, पाठीला जखम झाली की ‘आता आम्हाला जमणार नाही’. या आजारात ते दिवस येणारच आहेत. तेव्हा रात्री दोन वाजता तुम्हाला दुसरं घर शोधावं लागू नये. उत्तर लेखी घे.

पैशाचं थोडक्यात. डायपर, औषधं, हॉस्पिटलात सोबत बसणारी बाई यांचे पैसे वेगळे असतात, ते धरून महिन्याचा आकडा काढ. अनामत परत कधी, माणूस मध्येच गेलं तर काय, हे पावतीवर हवं. आयुष्मान कार्ड भरती झाल्यावरच्या उपचारांना चालतं, केअर होमच्या भाड्याला नाही. आणि आपल्याकडं कार्ड कर्नाटकचं, हॉस्पिटल कोल्हापूरचं असा घोळ असतोच. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये आपली जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, तेव्हा दोन्ही सरकारं केवढी भांडली. त्या बातम्यांवर जाऊ नको, कोल्हापूरच्या हॉस्पिटलच्या काउंटरवर कार्ड ठेवून विचार. अडलं तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे. वहिनीचं मन फारच उदास झालं तर टेलि-मानसचा १४४१६ तिला दे.

घराच्या कागदांना सध्या कुणी हात लावू नये. आक्काला आता सही कशावर करतोय ते कळत नाही, आणि दादाच्या नावचं जुनं मुखत्यारपत्र असलं तरी, देणाऱ्याचं भान गेलं की कायद्यानं तेही संपतं. वकिलाला विचारा.

गाव कुठलं, ते तुम्ही ठरवा. बेंगळुरूला निम्हान्स आहे, नाइटिंगेल्सचं केंद्र आहे; पुण्यात निवडायला जास्त आहे. तरी माझं मत कोल्हापूर किंवा बेळगाव. दर आठवड्याला कुणीतरी न सांगता जाऊन उभं राहू शकेल, अशीच जागा चांगली राहते. महिन्यातून एकदा फुलं घेऊन येणाऱ्या नातेवाइकाची भीती तिथं कुणाला नसते. पहिले पंधरा दिवस परीक्षेचे म्हणून ठेवा, वर्षाचे पैसे एकदम भरू नका. आणि पहिल्या आठवड्यात ती ‘मला घरी ने’ म्हणेल. घरी असतानाही ती हेच म्हणते, हे लक्षात ठेव.

तू येशील तेव्हा मी बरोबर येईन, आयांशी मी बोलते. त्याआधी आज रात्री नऊनंतर वहिनीला फोन कर. दादाशी नंतर बोल.

तुझी,
मावशी